आडात नाही ते पोहऱ्यात कोठून?

‘आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण आपण सारेच वापरतो. ‘खाण तशी माती’ ही तिची सख्खी बहीण. एखाद्या घरचा मुलगा शाळेत मागे पडला की शेजारीपाजारी, कधी खुद्द मास्तर, आणि पुष्कळदा त्या मुलाचा बापही ही म्हण उच्चारून मोकळा होतो. म्हणीत शहाणपण असते हे खरे, परंतु म्हण म्हणजे पुरावा नव्हे. गेल्या दीडशे वर्षांत या म्हणीवर शास्त्राचा अंगरखा चढवण्यात आला. तिच्या आधाराने कायदे झाले, परीक्षा निघाल्या, माणसांच्या देहावर शस्त्रक्रियासुद्धा झाल्या. हा इतिहास काय आहे, त्यात आपल्या महाराष्ट्राचा आणि या नाशिकचा भाग कोणता, आणि त्यातले आपल्या शाळांत अजून काय उरले आहे, हे श्रोत्यांपुढे मांडण्याचे आम्ही योजले आहे.

प्रथम आमचा अधिकार सांगितला पाहिजे. आम्ही मानसशास्त्राचे प्राध्यापक नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलावर आणि युनियनच्या कचेरीत, रात्रपाळीची माणसे येईपर्यंतच्या वेळात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून कामगारांचे काम करता करता वय पन्नाशीपलीकडे गेले. माणसांची प्रतवारी लावणे हे कारखान्याचे रोजचे काम, आणि त्या प्रतवारीचा जाब विचारणे हे आमचे. या नात्याने हा विषय आम्हाला परका वाटत नाही.

एका शब्दाचा जन्म

१८६९ साली इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टन या विद्वानांनी ‘हेरेडिटरी जीनियस’ हा ग्रंथ लिहिला. चार्ल्स डार्विन आणि हे गॉल्टन, दोघांचे आजोबा एकच. गॉल्टन यांनी इंग्लंडातले नामांकित न्यायाधीश, सेनापती, कवी, शास्त्रज्ञ निवडले, त्यांच्या गोतावळ्याची मोजदाद केली आणि निष्कर्ष काढला की, थोर माणसांच्या पोटी थोर माणसे जन्मतात, अर्थात बुद्धी ही वंशाने येते. न्यायाधीशाच्या मुलाला बापाचे रक्त मिळते, तसेच बापाचे ग्रंथालय, बापाचे स्नेही आणि बापाची थैलीही मिळते, ही गोष्ट त्यांनी फारशी हिशेबात धरली नाही. १८८३ साली त्यांनी आपल्या विचाराला ‘यूजेनिक्स’ असे नाव दिले. मराठीत त्याला सुप्रजाजननशास्त्र म्हणू लागले. चांगल्या वाणाच्या माणसांनी अधिक मुले व्हावू द्यावीत आणि हलक्या वाणाच्यांनी कमी, असे त्याचे सार. शब्द गोड आहे. सुप्रजा कोणाला नको? परंतु चांगला वाण कोणता आणि हलका कोणता हे ठरवणार कोण, या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. ज्यांच्या हातात ताजवा, त्यांचाच माल चोख.

आता दुसऱ्या एका माणसाची ओळख करून देतो. फ्रान्सात शिक्षण सक्तीचे झाल्यावर काही मुले वर्गात मागे पडू लागली. अशा मुलांना हुडकून त्यांना वेगळी मदत देता यावी, म्हणून आल्फ्रेड बिने यांनी सिमाँ यांच्या साह्याने १९०५ साली काही कसोट्या तयार केल्या. आजच्या साऱ्या बुद्धिमापन चाचण्यांचे मूळ तेथे आहे. बिने यांचा हेतू वैद्याच्या हेतूसारखा होता. ताप मोजायचा तो औषध देण्यासाठी. बुद्धी ही जन्माची ठरलेली आहे, ती वाढत नाही, असे म्हणणाऱ्यांविरुद्ध त्यांनी स्पष्ट लिहिले आणि मागे पडलेल्या मुलांसाठी मनाचे व्यायामही सुचवले. १९११ साली ते वारले.

त्यांची कसोटी समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली आणि तिचा अर्थ उलटा झाला. हेन्री गॉडर्ड, लुईस टर्मन, रॉबर्ट यर्क्स ही मंडळी सुप्रजाशास्त्राची अभिमानी होती. टर्मन यांनी १९१६ साली ‘स्टॅनफर्ड-बिने’ ही सुधारलेली चाचणी काढली. त्या सुमारास बुद्ध्यंक नावाचा एकच आकडा माणसाच्या कपाळी चिकटला. पहिल्या महायुद्धात सुमारे १७ लाख सैनिकांची अशी परीक्षा झाली. त्यात अमेरिकेतल्या बाजारपेठेतल्या मालाविषयी आणि तिथल्या खेळांविषयी प्रश्न होते. नुकतीच इटलीहून किंवा पोलंडहून आलेली गरीब माणसे त्यात मागे पडली यात नवल काय? पण निष्कर्ष निघाला की, दक्षिण व पूर्व युरोपातले लोक जात्याच मंदबुद्धी. कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ साली तसे पुस्तक लिहिले, आणि १९२४ साली त्या देशांतून येणाऱ्यांवर कडक निर्बंध घालणारा कायदा झाला. ब्रिगहॅम यांनी १९३० साली आपले म्हणणे परत घेतले. कायदा मात्र तेव्हा परत घेतला गेला नाही.

१९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनिया प्रांतातल्या कॅरी बक नावाच्या एका गरीब तरुणीची सक्तीने नसबंदी करण्यास मान्यता दिली. तिची आई मंदबुद्धी, ती मंदबुद्धी आणि तिची तान्ही मुलगीही मंदबुद्धी, असे न्यायालयास सांगण्यात आले होते. ती तान्ही मुलगी पुढे शाळेत गेली आणि एकदा तिचे नाव गुणवान मुलांच्या यादीत झळकले. अमेरिकेत अशा कायद्यांखाली साठ हजारांहून अधिक माणसांची नसबंदी झाली. १९३३ साली हिटलरच्या जर्मनीने असाच कायदा केला, त्याखाली सुमारे चार लाख माणसे वांझ करण्यात आली, आणि पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे.

नाकाची मोजणी

श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल की, हे सारे साहेबाच्या देशातले, आपला त्याच्याशी काय संबंध? आपल्या गावाचे नाव शूर्पणखेच्या नाकावरून पडले असे आपण पाहुण्यांना सांगतो. इंग्रज सरकारने साऱ्या हिंदुस्थानचीच नाके मोजली होती, हे मात्र थोड्यांना माहीत असते. १९०१ च्या शिरगणतीचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांचे मत असे की, नाक जितके रुंद तितकी जात खालची. म्हणजे जातीची उतरंड ही वंशाची उतरंड. पुढे डॉ. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात हीच मोजमापे तपासून रिस्ली यांच्या सिद्धान्तातला पुष्कळ भाग डळमळीत केला. आणि १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ प्रश्नावर लिहिताना डॉ. आंबेडकरांनी तेच आकडे हाती घेऊन दाखवले की, नाकांच्या मापावरून पाहिले तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. फूटपट्टी साहेबाचीच होती, पण ती नीट वाचली तर साहेबाविरुद्ध साक्ष देत होती.

याहून भयंकर प्रकार म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, अशी त्यामागची समजूत. १९११ च्या सुधारलेल्या कायद्याने त्याचे जाळे मुंबई इलाख्यावरही पसरले. हजेरीवाचून गाव सोडायचे नाही, बोटांचे ठसे द्यायचे, आणि सरकार म्हणेल तेथे वसाहतीत राहायचे. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अशी मोठी वसाहत होती, आणि तिथली माणसे सोलापूरच्या गिरण्यांत कामाला जात. कामगार चळवळीच्या इतिहासात हे पान लिहिले जावे तितके लिहिले गेले नाही. जन्मतः गुन्हेगार ठरवलेला माणूस भोंगा वाजला की साच्यावर उभा राही, दिवसभर इमानाने कापड काढी आणि संध्याकाळी पुन्हा कुंपणाआड जाई. गुन्हा जर रक्तात असेल तर तो पाळी सुरू होताच कोठे जात होता? याच कायद्यात मुलांना आईबापांपासून वेगळे करून शाळेत घालण्याची तरतूद होती. म्हणजे रक्तावर कायदा करणाऱ्या सरकारचा स्वतःचाही रक्तावर पुरता विश्वास नव्हता, शाळेवर होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि ही माणसे ‘विमुक्त’ झाली. कागदावरचा शिक्का पुसला, पण लोकांच्या तोंडातला पुसायला फार वेळ लागतो, हे पारध्याच्या पोराला पोलीस आजही कसे वागवतात त्यावरून दिसते.

तिसरे उदाहरण देवळालीच्या छावणीजवळ राहणाऱ्यांना लवकर कळेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी ‘लढाऊ जमाती’ आणि ‘बिनलढाऊ जमाती’ अशी वाटणी केली. कंपनी सरकारच्या काळापासून लष्करात असलेल्या महारांची भरती १८९२-९३ च्या सुमारास बंद झाली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांच्या पूर्वजांची नावे कोरलेली, ते एका हुकुमाने बिनलढाऊ ठरले. भरती बंद होताच पगार गेला, पेन्शन गेली आणि लष्करातल्या मुलांना मिळणारे शिक्षणही गेले. पुढे १९४१ साली दुसऱ्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. रक्त तेच होते, सरकारची गरज बदलली होती.

मराठी लेखणीत

आपल्या मराठी सुशिक्षितांनीही हा विचार उचलला. नामवंत कादंबरीकार ना. सी. फडके त्या काळी तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. १९२७ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या कामप्रश्नावर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला, आणि या देशात सुप्रजाजननाची चळवळ व्हावी अशी मागणी त्याच्या मुखपृष्ठावरच केली. संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची त्याला प्रस्तावना होती. बालविवाहाच्या विरुद्ध, संततिनियमनाच्या बाजूने, असे त्यातले पुष्कळ विचार त्या काळी पुढारलेले होते. दुसरीकडे काही पंडितांनी याच शास्त्राचा आधार घेऊन जातिसंस्थेचे मंडन आरंभले. आमच्या ऋषींनी बेटीबंदी घातली ती वंशशुद्धीसाठी, आज पश्चिमेला जे सुचते आहे ते आम्ही हजारो वर्षांपूर्वी केले, असा तो युक्तिवाद. जुन्या बुरुजाला नवा चुना.

या बुरुजावर पहिला खणखणीत घाव पडला तो आपल्या जिल्ह्यातून. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो पाच वर्षे रेटला, आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढल्याच वर्षी, १९३६ साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले पण न झालेले त्यांचे भाषण पुस्तकरूपाने निघाले. त्यात त्यांनी वंशशुद्धीच्या या युक्तिवादाचा समाचार घेतला आहे. त्यांचे म्हणणे आमच्या शब्दांत सांगतो. शुद्ध वंश जगात कोठेच नाही. पंजाबातला ब्राह्मण आणि मद्रासेतला ब्राह्मण यांचा वंश एक नाही, पण पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार यांचा आहे. मग जात म्हणजे वंश हे म्हणणे टिकत नाही. बरे, बेटीबंदी वंशासाठी म्हणावी, तर रोटीबंदी कशासाठी? एका पंक्तीला जेवल्याने रक्त मिसळत नाही. आणि जातीने जर खरोखर उत्तम प्रजा निर्माण केली असती, तर देशातली इतकी माणसे सैन्याच्या मापात बसण्यास अपात्र का ठरली असती? या प्रश्नांना आजवर कोणी सरळ उत्तर दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. संततिनियमन आणि सुप्रजाशास्त्र ही दोन्ही पुष्कळदा एकाच तोंडातून बोलली गेली, तरी ती एक नव्हेत. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि त्यापायी नोकरी, पैसा, प्रतिष्ठा सारे पणाला लावले. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे रोहम यांनी मुंबई कायदेमंडळात संततिनियमनाच्या सोयींचा ठराव आणला. त्यामागचे बोलणे गरिबीचे आणि बाईच्या प्रकृतीचे होते. मूल केव्हा आणि किती हे बाईने ठरवावे, हा एक विचार. कोणाच्या बाईला मूल व्हावे हे सरकारने ठरवावे, हा अगदी उलटा विचार.

याच कर्वे घराण्यातल्या सूनबाई इरावतीबाई कर्वे १९२८ च्या सुमारास बर्लिनला गेल्या. ज्या संस्थेत त्यांनी अभ्यास केला तिच्या नावातच सुप्रजाशास्त्र होते. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे कट्टर पुरस्कर्ते, आणि पुढे नाझी राजवटीने त्यांना डोक्यावर घेतले. मानवी कवटीच्या दोन बाजूंतला फरक हा इरावतीबाईंचा विषय. गोऱ्या वंशाच्या कवटीत काही खास आढळेल अशी गुरूची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिले की, या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशातली, पंचविशीच्या आतली बाई, गुरू इतका बलवान आणि पदवी त्याच्या हातात. तरी जे मापात आले तेच त्यांनी लिहिले. १९३० साली त्यांना पदवी मिळाली. पुढे त्यांनी महाराष्ट्रातही जातीजातींची शरीरमापे घेतली, आणि एका नावाखाली मोडणाऱ्या पोटजातींचीदेखील मापे एकमेकींहून वेगळी निघतात असे दाखवले. शास्त्र म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला मराठीत सापडत नाही.

शाळेच्या दारात

आता शाळेकडे वळू. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. सरकारचे धोरण होते की, वरच्या वर्गाला शिकवावे, विद्या आपोआप खाली झिरपेल. जोतीरावांनी सांगितले की, ती झिरपली नाही, आणि वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. पुढे शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात ते सक्तीचे व मोफत केले. १९१४ साली नाशकात मराठा विद्या प्रसारक समाजाचे काम सुरू झाले, १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. या सर्वांनी बुद्धीवर व्याख्याने दिली नाहीत. त्यांनी वसतिगृहे काढली. ज्यांच्या सात पिढ्यांत पाटी नव्हती अशी मुले दोन वेळची भाकरी, एक कंदील आणि एक पुस्तक मिळताच एका पिढीत वकील, डॉक्टर, कलेक्टर झाली. एका पिढीत रक्त बदलत नाही. भाकरी आणि कंदील मात्र एका दिवसात बदलता येतात.

याच काळात बुद्धिमापन आपल्याकडे आले. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोट्यांचे मराठी आणि कानडी रूपांतर केले, आणि त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. काम चिकाटीचे होते. परंतु अशा रूपांतरात नाणी बदलावी लागतात, चित्रे बदलावी लागतात, भाषेचे वळण बदलावे लागते. यावरूनच एक गोष्ट उघड होते. कसोटी जे मोजते त्यात मुलाचे घर, गाव, भाषा हे सारे मिसळलेले असते. पुण्याच्या वाड्यातल्या मुलाला जो प्रश्न सोपा, तो सुरगाण्याच्या पाड्यावरच्या मुलाला परका. आणि पाड्यावरचे मूल रानातल्या ज्या पन्नास झाडांची नावे व गुण सांगते, ते विचारणारी कसोटी कोणी काढलेली नाही.

आपल्याकडे शिष्यवृत्तीच्या परीक्षेत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ नावाची प्रश्नपत्रिका असते. बाजारात तिची मार्गदर्शके मिळतात, तिचे क्लास निघतात, सराव केला की गुण वाढतात हे प्रत्येक पालकाला ठाऊक असते. मग आमचा साधा प्रश्न असा की, जी गोष्ट सरावाने वाढते आणि फी भरून मिळते, ती जन्मजात कशी? त्या परीक्षेने गरीब हुशार मुलांना पैसे मिळतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार तिच्या नावाबद्दल आहे, कारण जो त्यात नापास होतो तो ‘मला सराव मिळाला नाही’ असे म्हणत नाही, ‘मला बुद्धी नाही’ असे म्हणतो.

तीच गत तुकड्यांची. पुष्कळ शाळांतून गुणांप्रमाणे अ, ब, क, ड अशा तुकड्या पाडण्याची रीत होती, काही ठिकाणी अजून आहे. अ तुकडीला चांगले मास्तर आणि ड तुकडीला रिकामा तास. वर्षाच्या अखेरीस ड तुकडी मागे राहते आणि सारे म्हणतात, पाहा, आम्ही म्हटले नव्हते? इंग्लंडात १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर हेच राष्ट्रीय पातळीवर झाले. अकराव्या वर्षी एक परीक्षा, आणि तिच्यावरून मुलाने कारकून-डॉक्टर व्हायचे की हातकाम करायचे ते ठरायचे. त्या विचाराला बळ देणारे मोठे मानसशास्त्रज्ञ म्हणजे सिरिल बर्ट. वेगवेगळ्या घरी वाढलेल्या जुळ्यांच्या अभ्यासावरून बुद्धी मुख्यतः आनुवंशिक असते असे ते सांगत. १९७१ साली ते वारले. नंतर लिऑन कॅमिन यांनी त्यांचे आकडे तपासले, तेव्हा जुळ्यांच्या जोड्या २१ वरून ५३ झाल्या तरी उत्तर तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत तेच, ०.७७१, असे आढळले. कारखान्यात एखाद्या सुपरवायझरने तीन महिने एकच उत्पादनाचा आकडा लिहिला तर आम्हीही वही मागवली असती. त्यांच्या बाजूनेही पुढे काहींनी लिहिले, परंतु त्या आकड्यांवर आज कोणी भिस्त ठेवत नाही.

न्यूझीलंडमध्ये शिकवणाऱ्या जेम्स फ्लिन यांनी १९८४ आणि १९८७ साली आणखी एक गोष्ट पुढे आणली. अनेक देशांत बुद्धिमापनाचे गुण पिढीगणिक वाढत गेले आहेत. इतक्या थोड्या काळात वंश बदलत नाही. खाणे, शाळा, घरातली माणसे कमी होणे, रोजच्या कामाची जात, यांचे ते फळ असले पाहिजे.

द्राक्षाची साक्ष

मग आनुवंशिकता खोटीच का? तसे आमचे म्हणणे नाही. डोळ्यांचा रंग, उंची, कित्येक आजार वंशाने येतात, आणि बुद्धीतही वंशाचा काही भाग असतो असे आजचे शास्त्र मानते. परंतु त्यावरून दोन समाजांतल्या फरकाविषयी काही सिद्ध होत नाही. हे समजायला नाशिककरांना पुस्तकाची गरज नाही. पिंपळगाव बसवंतला थॉमसन जातीच्या द्राक्षाची बाग पाहा. द्राक्ष बियांपासून लावत नाहीत, काडीपासून लावतात, म्हणजे एका बागेतल्या आणि दुसऱ्या बागेतल्या वेलींचे रक्त एकच. तरी एका बागेचा माल परदेशी जातो आणि दुसऱ्या बागेचा बेदाण्याला. फरक पाण्याचा, मातीचा, छाटणीचा, वेळेवर फवारणीचा. कोणी शेतकरी म्हणत नाही की, माझी वेल हलक्या कुळातली. तो मातीचा नमुना तपासायला पाठवतो. जो न्याय आपण वेलीला देतो, तो आपल्या मुलाला द्यायला काय हरकत आहे?

कारखान्यातही हाच अनुभव. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखालच्या अधिसूचनांत अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा पायऱ्या असत. त्या कामाच्या होत्या, माणसाच्या नव्हत्या, पण बोलताना लोक माणसालाच अकुशल म्हणू लागले. वीस वर्षे मालाच्या गोण्या वाहिलेला हेल्पर, संधी मिळताच सहा महिन्यांत लेथ चालवू लागतो, हे आम्ही एकदा नव्हे अनेकदा पाहिले. एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारांच्या निवडीसाठी इंग्रजीतून चाचणी लावली होती. यंत्राचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेली हे सांगणारी पोरे त्यात नापास झाली. युनियनने प्रश्नपत्रिका मराठीत मागितली. ती मिळाल्यावर निकाल बराच पालटला.

देहावर उमटलेला वारसा

हा विचार केवळ वर्गात राहत नाही, तो देहापर्यंत पोहोचतो. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशभर ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या. १९७६ साली आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, एवढेच नशीब. तेव्हा भाषा वंशाची नव्हती, लोकसंख्येची होती. पण गाडी कोणाच्या दारात उभी राहिली? झोपडपट्टीच्या, मजुराच्या, ज्याला नोकरीची वा रेशनची भीती घालता येत होती त्याच्या.

फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, असे कारण देण्यात आले. अकरा शस्त्रक्रिया झाल्यावर महिला संघटनांच्या विरोधामुळे त्या थांबल्या. त्या मुलींना कोणी विचारले नव्हते. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात आता स्पष्ट तरतूद आहे की, संमतीवाचून कोणाही अपंग व्यक्तीवर वंध्यत्व आणणारा उपचार करता येणार नाही. बाविसाव्या वर्षी आलेला हा कायदा त्या अकरा जणींना उपयोगी पडला नाही.

परंतु नाशिकने या बाबतीत एक चांगले उत्तरही दिले आहे. रजनी लिमये या शिक्षिकेने १९७७ साली प्रबोधिनी ट्रस्टची स्थापना करून मतिमंद मुलांसाठी शाळा काढली. हे मूल जगाच्या काय उपयोगाचे, असे त्यांनी विचारले नाही. या मुलाला काय शिकवता येईल, असे विचारले. बिने यांनी १९०५ साली विचारलेला प्रश्न हाच होता. मधल्या सत्तर वर्षांत विद्वानांनी तो हरवला होता, आणि तो पुन्हा एका शिक्षिकेच्या हाती लागला.

आज आपण काय करावे

आज सुप्रजाशास्त्र हे नाव कोणी घेत नाही. पण मुलाच्या बोटांच्या ठशांवरून त्याची बुद्धी आणि पुढला धंदा सांगणारी दुकाने शहराशहरांतून निघाली आहेत, आणि पालक त्यांना हजारो रुपये मोजतात. बोटांच्या ठशांवर १८९२ साली पहिला मोठा ग्रंथ लिहिला तो याच गॉल्टन यांनी. ठशांत वंश आणि बुद्धी दिसेल अशी त्यांना फार आशा होती, पण ती दिसत नाही हे त्यांनी स्वतःच नमूद केले. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१९ साली या प्रकाराला शास्त्रीय आधार नाही असे सांगितले. सुप्रजाशास्त्राच्या जनकाने जे सव्वाशे वर्षांपूर्वी सोडून दिले, ते आपण पैसे देऊन विकत घेतो. निरक्षर माणसाला आपण अंगठेबहाद्दर म्हणतो. आता शिकलेसवरलेले आईबाप अंगठ्यापुढे हात जोडून बसले आहेत.

श्रोत्यांतल्या पालकांना आमची विनंती आहे. शाळेच्या सभेला जा आणि विचारा. तुकड्या कशावर पाडता? मागे पडलेल्या मुलांना कोणता मास्तर दिला? प्रवेशाच्या वेळी चाळणी लावता का? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ती चाळणी मना केली आहे, हे लक्षात ठेवा. शिक्षकांना विनंती आहे की, पोराला ‘ढ’ म्हणू नका. ढ हे अक्षर ब्राह्मी लिपीपासून बदललेच नाही, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणतात, अशी एक गोष्ट सांगतात. अक्षर बदलत नसेल, मूल बदलते. आणि आमच्या कामगार बंधूंना सांगणे आहे की, आपल्या मुलासमोर ‘आपल्यात कुठे शिक्षण आहे’ हे वाक्य उच्चारू नका. ते वाक्य तुमचे नव्हे. ते फार मोठ्या लोकांनी, फार विचार करून, तुमच्या तोंडी घातलेले आहे.

‘आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार’ हे म्हणण्याआधी, ज्यांनी कधी आडावर पाणी शेंदले आहे त्यांनी आठवून पाहावे. पोहरा रिकामा वर आला तर बाई आड कोरडा म्हणून घरी जात नाही. दोर पुरला की नाही, ते ती आधी पाहते.